वरची कवळी, खालचं टिचबटण

"साडेपाच लाख!" सुमनवहिनींनी कागद भिंतीवर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर फुलांची परडी ठेवली. "बाई, एवढ्यात आमच्या थोरलीचं लग्न झालं होतं. हॉलसकट."

आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. सांगलीत विश्रामबागेला प्लॉट घेतले तेव्हा दोन्ही घरच्या पुरुषांनी निम्मेनिम्मे पैसे घालून ती बांधली, आणि तेव्हापासून ती आम्हा दोघींच्याच उपयोगी पडली. विरजण, कढीपत्ता, लोणच्याची वाटी, आपापल्या सुनांच्या तक्रारी, सगळं तिच्यावरूनच इकडून तिकडं जातं. परवा तिच्यावर वहिनींच्या यजमानांचा, अण्णांचा, जबडा आला. म्हणजे जबड्याचा एक्स-रे आणि हे एस्टिमेट.

रविवारी मुलानं दोघांना पुण्याला नेलं होतं. "एसीत बसवलं, कॉफी दिली," वहिनी सांगत होत्या. "समोर टीव्हीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. आधीचे सगळे रडवेले आणि नंतरचे सगळे कोट घातलेले. म्हटलं, दाताबरोबर कोटपण देतात की काय!"

कागदावर लिहिलं होतं ते असं : वर चार इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे खुंट, खाली चार, त्यावर स्क्रूनं बसवलेले फिक्स दात. ह्याला 'ऑल ऑन फोर' म्हणतात. आपल्या इथला डॉक्टर म्हणतो, वरखाली कवळी करा, वीस हजारात होईल. मुलगा म्हणतो, फिक्सच करा, पैशाचं बघू नका. सून फोनवर म्हणाली म्हणे, की ह्या वयात ऑपरेशन कशाला. वहिनींना तेही लागलं. "खर्च नको म्हणून वयाचं नाव," असं त्यांचं मत.

"आणि अण्णा काय म्हणतात?"

"ह्यांना कोण विचारतंय!"

इथंच मला गंमत वाटली. तोंड एकाचं आणि मतं चौघांची. मीही पाचवी होऊन बसले, कारण ह्या विषयात मला बोलायचा थोडा हक्क आहे. मी कवळीवाली. लपवत नाही. २०१७ साली वरखाली दोन्ही बसवल्या. वरची इतकी चांगली बसली की हिरवी मिरची चावून खाते, उसाचं कांडं तेवढं सोडलं. खालची मात्र स्टीलच्या डब्यात, पाण्यात असते. लग्नकार्याला निघताना घालते, फोटो झाला की पर्समध्ये.

"असं कसं?" वहिनी म्हणाल्या. "दोन्ही एकाच डॉक्टरनं केल्या ना?"

एकानंच केल्या. दोष त्याचा नाही, जबड्याचा आहे. वरच्या कवळीला टाळू मिळतो. एवढी मोठी सलग जागा, मध्ये लाळेचा पातळ थर, आणि कडेनं हवा आत जाऊ नये अशी बसली की ती चिकटून राहते. ओल्या फरशीवर पालथी ठेवलेली वाटी उचलायला गेलो की कशी अडते, तसंच. खालच्या जबड्याला टाळू कुठला? मध्ये जीभ. हिरडीचा घोड्याच्या नालासारखा बारीक बांध, त्यावर कवळी नुसती ठेवलेली असते. एका बाजूनं जीभ ढकलते, दुसऱ्या बाजूनं गाल. बोलताना, गिळताना, जांभई देताना तिला कुणी जागेवर राहू देत नाही.

त्यात दात गेले की हाड झिजतं. दात होते तोवर चावण्याचा भार मुळांमधून हाडावर पडायचा, त्यावर हाड टिकून होतं. भार गेला की शरीर म्हणतं, हे आता कशाला सांभाळू? पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त खचतं, पुढं हळूहळू पण थांबत नाही. आणि वरच्यापेक्षा खालचं जास्त. म्हणून कवळी पहिल्या वर्षी घट्ट आणि चौथ्या वर्षी खुळखुळा. कवळी तीच असते, खालची जमीन सरकलेली असते. आतून नवा थर देऊन घेता येतो, तो घ्यावाही, पण पाच-सात वर्षांनी नवीन करावी लागतेच.

"मग हे पुण्याचंच करावं म्हणता?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

वहिनींनी लगेच आवाज खाली आणला आणि मान कोपऱ्यावरच्या बंगल्याकडं वळवली. त्या घराचं नाव मी घेणार नाही. त्यांनी कुठंतरी जाहिरात वाचून पाच दिवसांत फिक्स दात बसवून घेतले होते. गल्लीत पेढे वाटले होते, आणि पेढा चावण्यासारखा पदार्थ नाही हे तेव्हा कुणी बोललं नाही. वर्षभरात दोन खुंट हलायला लागले. आता ते हसताना ओठावर हात ठेवतात, दात नव्हते तेव्हा ठेवायचे तसाच. दिवसाला पाकीटभर सिगारेट चालूच होती ही गोष्ट मात्र त्यांच्या घरचे सांगत नाहीत, ती आमच्या दूधवाल्यानं सांगितली. पाच दिवसांत बसवलेले सगळ्यांचेच हलतात असं नाही. पण इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणजे काहीच होत नाही, ही समजूत चुकीची. भोवतीची हिरडी सुजते, आत पू होतो, हाड झिजत जातं, आणि बहुधा दुखत नाही म्हणून खुंट हलेपर्यंत पत्ताही लागत नाही. तंबाखू आणि वाढलेली साखर ह्या दोन गोष्टी त्याला हमखास आमंत्रण देतात.

"ह्यांची साखर..." वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या.

"किती आलीय तीन महिन्यांची?"

"आठ पूर्णांक नऊ."

"आणि तंबाखू?"

"सोडून दहा वर्षं झाली!" हा आवाज घरातून आला. अण्णा पायरीवर येऊन उभे होते, हातात पेपर.

"डबी स्कूटरच्या डिकीत आहे," वहिनी त्यांच्याकडं न बघता मला म्हणाल्या.

अण्णा आले ते बरं झालं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. वरचे चार दात शिल्लक, तेही हलणारे. खाली सहा वर्षांपासून बोळकं. मी सरळ विचारलं, की अण्णा, तुम्हाला दात कशाला हवेत? दिसायला, बोलायला की खायला?

आधी ते हसले. मग म्हणाले, "भडंग."

सांगलीच्या माणसाला भडंग काय असतं ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते : चुरमुऱ्यांना लसूण, तिखट, भरपूर शेंगदाणे आणि कढीपत्ता. चुरमुरा तोंडात विरघळतो, शेंगदाणा नाही. अण्णा सहा वर्षं शेंगदाणे निवडून ठेवतायत आणि चुरमुरे खातायत. भाकरी दुधात कुस्करून. हुरड्याला मळ्यात गेले तर लोकांच्या ताटात बघत बसले. आणि एक गोष्ट त्यांनी जरा चाचरत सांगितली. गणपती मंदिराजवळच्या कट्ट्यावर जायचं त्यांनी सोडलं, कारण 'फ' म्हणताना समोरच्याच्या अंगावर थुंकी उडते. वहिनींना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, गुडघे दुखतात.

साडेपाच लाखांच्या कागदात भडंग कुठंच नव्हतं.

आदल्या रात्री मी माझ्या भाचीला मिरजेला फोन लावला होता. ती दातांची डॉक्टर आहे, आणि मावशी शास्त्राच्या बाई होत्या म्हणून सगळं कारणासकट सांगते. तिनं आधी एक गोष्ट सांगितली ती मी भिंतीवरून जशीच्या तशी दिली, कारण शाळेत असते तर पोरांना नक्की सांगितली असती.

ब्रेनेमार्क नावाचा एक स्वीडिश डॉक्टर होता. दातांचा नव्हे, शरीररचनाशास्त्राचा अभ्यासक. १९५२ च्या सुमाराला तो सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते बघत होता. त्यासाठी टायटॅनियमची छोटी दुर्बीणवजा नळी हाडात बसवली होती. टायटॅनियम महाग, म्हणून प्रयोग संपल्यावर ती काढून पुन्हा वापरायची होती. पण ती निघेना. हाडानं धातूला धरून ठेवलं होतं. दुसरा कुणी असता तर वैतागून नवी नळी मागवली असती. हा विचार करत बसला. १९६५ साली त्यानं योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. त्या माणसाचा जबडा जन्मापासून बरोबर नव्हता, दात नव्हते. तो २००६ साली वारला तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, ते खुंट तोंडात होते.

"आणि हे विकायला पुढं कुणाची कंपनी आली सांगू? बोफोर्स."

अण्णांनी पेपर खाली केला. "तोफवाली?"

तीच. १९८१ साली तिच्याच आश्रयाखाली इम्प्लांटची कंपनी निघाली, आज नोबेल बायोकेअर म्हणतात ती. आपल्याकडं १९८७ साली ज्या नावावरून एवढं रामायण झालं, त्याच घराण्यातली ही.

"म्हणजे ह्यातही कमिशन असणार," वहिनी म्हणाल्या.

ह्यावर आम्ही तिघं इतकं हसलो की समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी डोकावलं. मी हात तोंडावर ठेवला, कारण खालची डब्यात होती.

मग मी मुद्द्यावर आले. भाचीचं म्हणणं असं, की कवळी का इम्प्लांट हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. वरचं वेगळं, खालचं वेगळं. वरच्या जबड्याला चांगली कवळी बहुतेकांना पुरते. वर इम्प्लांट करायचे तर हाड मऊ, मागं नाकाच्या बाजूची पोकळी, कधीकधी तिथं हाड भरावं लागतं, खर्च वाढतो, थांबावंही जास्त लागतं. खाली मात्र नुसत्या कवळीचे हाल. तिथं पुढच्या भागात, सुळ्यांच्या जागी, दोन इम्प्लांट घालायचे आणि त्यावर कवळी बसवायची. २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ह्या विषयातल्या जाणकारांनी बसून तसं म्हणूनच ठेवलंय : खालचा जबडा पूर्ण रिकामा असेल तर नुसत्या कवळीपासून सुरुवात नको, दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय.

"फिक्स नाही ना पण ती?"

"नाही. काढता येते. पण आपण काढल्याशिवाय निघत नाही." मी गाऊनचं वरचं टिचबटण उघडून पुन्हा लावून दाखवलं. टिच. "हे बघा. खालचा अर्धा भाग हाडात, वरचा अर्धा कवळीच्या आतल्या बाजूला. दाबलं की टिच वाजतं आणि बसतं. रात्री काढायची, धुवायची, सकाळी टिच."

वहिनींनी स्वतःच्या गाऊनचं बटण दोनदा लावून बघितलं. अण्णांनी पेपरात डोकं घातलं.

दोनच का आणि पुढंच का, हेही विचारलं त्यांनी. खालच्या जबड्यात मागून एक नस येते आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडते. त्या दोन ठिकाणांच्या मधलं हाड म्हणजे मोकळं मैदान. नसेला धक्का लागायची भीती कमी, आणि दात जाऊन वर्षं झाली तरी तिथं हाड बऱ्यापैकी शिल्लक असतं. अण्णांच्या एक्स-रेत किती आहे ते मला काय कळणार? जास्तीचा एक स्कॅन काढून ते मोजतात. जागा बधिर करून खुंट बसवायचे, मग साधारण तीन महिने हाडानं धरायची वाट बघायची. मधल्या काळात आतून मऊ केलेली साधी कवळी वापरायची. खर्च भाचीनं सांगितला तो कवळ्यांसकट लाख-सव्वा लाखात बसतो. आतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, त्या दीड-दोन वर्षांनी बदलायच्या. ती किंमत फार नाही. मेडिक्लेम? अपघातात दात गेले तर बघतात, म्हातारपणानं गेले तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात.

साध्या कवळीला नावं ठेवायची नाहीत मला. आमच्या ओळखीच्या शांताबाईंनी डेंटल कॉलेजात करून घेतली. शिकणारी मुलं करतात, त्यांचे सर दर वेळी येऊन बघतात. पाच-सहा खेपा झाल्या, पण पैसे अगदी कमी. हिरडीचं माप, मग चावायचं माप, मग मेणातले दात बसवून आरशात बघायचं. ह्या मेणाच्या खेपेला माणसानं जागं राहावं. तेव्हाच रंग बदलता येतो, ओठ पुढं आलाय का बघता येतं, पुढं काही नाही. आणि पांढरेशुभ्र दात मागू नयेत. सत्तरीच्या तोंडात टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात म्हणजे जुन्या वाड्याला ॲल्युमिनियमची खिडकी.

सांभाळायलाही शिकावं लागतं. माझी पहिली कवळी मी स्वतः मारली. लोणच्याच्या बरण्या उकळून घेते तशी जंतू मरावेत म्हणून उकळत्या पाण्यात टाकली. शास्त्राची बाई! बाहेर काढली तर उन्हात विसरलेल्या पापडासारखी वळलेली. डॉक्टर काही बोलला नाही, फक्त चष्मा काढून पुसला. तेव्हापासून थंड पाणी, मऊ ब्रश आणि साबण. पेस्टनं ओरखडे पडतात. आणि धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं, म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही. रात्री तोंडात ठेवून झोपायचं नाही, हिरडीला श्वास हवा.

नवीन असताना पहिले पंधरा दिवस रडू येतं. तोंडात कुणाचं तरी सामान ठेवल्यासारखं वाटतं, लाळ सुटते, एक कड रुतते. रुतणारी कड डॉक्टरकडून घासून घ्यायची, घरी कानस लावायची नाही. मी रोज विष्णुसहस्रनाम मोठ्यानं म्हणायचे. एवढे 'स', 'श' आणि 'ष' एका जागी दुसरीकडं कुठं मिळणार! महिन्यानं शिटी गेली.

"पुण्याचं मग वाईट का?" अण्णांनी विचारलं. मुलाची बाजू त्यांना राखायची होती, दिसत होतं.

वाईट नाही. साठीचा माणूस, हाड चांगलं, साखर ताब्यात, खिसा भरलेला, आणि काढायची कवळी मनाला पटतच नसेल, तर फिक्स दातांसारखं सुख नाही. कवळीनं आपण मूळच्या दातांच्या पाव ताकदीनं चावतो, फिक्सनं पुष्कळ जास्त. पण तेही धुवावे लागतात. खालच्या फटीत पाण्याच्या पिचकारीनं रोज साफसफाई, दर सहा महिन्यांनी डॉक्टर. तुम्ही अण्णा चष्मा पुसत नाही, तो वहिनी पुसतात.

ह्यावर वहिनी एकदम खुश.

मी त्यांना तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या. बसवणाराच पाच वर्षांनी बघणार का? इम्प्लांट कुठल्या कंपनीचा, त्याचं स्टिकर फाइलला लावून देणार का? उद्या डॉक्टर बदलला तर त्याला सुटा भाग मिळायला तेच लागतं. आणि खुंट हाडानं धरला नाही तर पैसे कुणाचे? चौथी गोष्ट वहिनींच्या बहिणीसाठी : हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षाला इंजेक्शन घेणाऱ्यांनी दात काढायच्या, खुंट घालायच्या आधी ते सांगायलाच हवं. त्या औषधावर जबड्याची जखम कधीकधी भरत नाही.

परडी उचलून वहिनींनी कागदाची घडी घातली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाई, एवढं सगळं ठाऊक आहे, मग तुमची खालची डब्यात का?"

मला उत्तर सुचेना. भाची गेली तीन वर्षं सांगतेय. मी कधी नातीचं ॲडमिशन पुढं केलं, कधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग. खरं कारण एवढंच, की आपल्या तोंडासाठी लाखभर रुपये काढायला हात धजत नाही. मुलांना 'पैशाचं बघू नका' म्हणतो, तसं स्वतःला म्हणता येत नाही.

"एकटीला जायला कंटाळा येतो," मी म्हटलं.

अण्णांनी पेपर काखेत मारला, डिकी उघडली, डबी काढली आणि भिंतीवर माझ्या बाजूला ठेवली. "साखर आठाच्या खाली आणतो," म्हणाले. "तोवर हे तुमच्याकडं. हिच्याकडं दिली तर ही रोज ऐकवेल."

डबी आता माझ्या देवघराच्या खालच्या खणात आहे. मुलाला फोन वहिनींनी केला. तो आधी रागावला, मग एक्स-रे मिरजेला पाठव म्हणाला. गुरुवारी साडेअकराची वेळ मिळालीय, दोघांची, अण्णांची आणि माझी. रिक्षा एकच सांगितलीय.